स्केटर कोच बदलतात तेव्हा नेमकं काय काय बदलतं?

मार्चअखेरीस फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा संपते आणि एप्रिल-मेमध्ये बातम्या यायला लागतात. अमक्याने कोच सोडला, तमकी सरावासाठी दुसऱ्या देशात गेली. पुण्यात बर्फावरच्या स्केटिंगचा प्रेक्षक मोजका, पण पक्का आहे. बरेच जण चाकांच्या स्केटिंगमधून इकडे वळलेले. कोणी लहानपणी स्वतः शिकलेलं असतं, तर कोणी मुलांना भल्या पहाटे रिंकवर सोडणारे आईबाप असतात. या मंडळींच्या गप्पांत अशा बातमीवर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. "ज्या सरांनी घडवलं त्यांनाच सोडलं?" ही एक. "आता बघा, मेडल पक्कं!" ही दुसरी.

मला दोन्ही पटत नाहीत. कोचबरोबर आणखी चार-पाच गोष्टी बदलतात, काही मात्र सहजी बदलत नाहीत, आणि पुढचा निकाल बहुतेकदा या हिशोबावर ठरतो. त्या गोष्टी बातमीत नसतात. म्हणून हा लेख.

कोचला नेमतं कोण?

आपल्या डोक्यात कोच म्हटलं की क्रिकेटचा कोच येतो. तिथे बोर्ड कोच नेमतं आणि खेळाडू त्याच्याशी जुळवून घेतो. फिगर स्केटिंग एकट्याचा किंवा जोडीचा खेळ आहे. अमेरिका-कॅनडात स्केटरचं कुटुंब कोच निवडतं आणि शिकवणीच्या वेळाप्रमाणे पैसे मोजतं. बर्फाचं भाडं वेगळं, नृत्य बसवणाऱ्या कोरिओग्राफरची फी वेगळी, बूट-ब्लेड-पोशाख वेगळे. स्पर्धेला कोच बरोबर आला तर त्याचा प्रवास आणि राहणं हेही बहुधा स्केटरच्याच खिशातून. म्हणजे मान गुरूचा असला तरी हिशोब अशिलाचा आणि वकिलाचा आहे.

रशियात चित्र वेगळं. तिथे सरकारी क्रीडाशाळांची पद्धत आहे. एतेरी तुतबेरिद्झे या गाजलेल्या प्रशिक्षिकेने अनेक वर्षं मॉस्कोच्या 'साम्बो-७०' या शाळेत शिकवलं. तिला सोडायचं म्हणजे ती शाळा, तिथला बर्फ, तिथले डॉक्टर आणि मैत्रिणी, सगळंच सोडायचं. त्यामुळे तिथली बातमी जास्त कडू होते.

शिवाय 'कोच' म्हणून टीव्हीवर एक चेहरा दिसतो, पण मागे अख्खी टोळी असते. टोरोंटोचा एक क्लब या खेळात फार मोठा आहे. त्याचं नावच 'टोरोंटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लब' आहे (हो, क्रिकेट पहिलं!). तिथे मुख्य कोच ब्रायन ऑर्सर. ते स्वतः १९८४ आणि १९८८च्या ऑलिंपिकचे रौप्यविजेते. बर्फावरची चाल आणि वेग घडवायला ट्रेसी विल्सन, उड्यांसाठी गिसलँ ब्रियाँ, कोरिओग्राफीला डेव्हिड विल्सन. एखादा स्केटर 'ऑर्सरकडे गेला' अशी बातमी वाचली तर तो या सगळ्यांकडे गेला असं समजायचं.

गुण कशाचे मिळतात?

हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. २००२च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या साटंलोट्यावरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर जुनी सहा गुणांची पद्धत गेली. आता प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेली मूळ किंमत आहे. हवेत तीन फेऱ्यांची 'लुट्झ' ही उडी ५.९० गुणांची, तीच चार फेऱ्यांची ११.५० गुणांची. चार फेऱ्यांच्या उडीला सगळे 'क्वाड' म्हणतात. उडी किती सफाईने झाली यावर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि प्रत्येक पायरीला मूळ किमतीचे दहा टक्के वाढतात किंवा कापले जातात. याखेरीज रचना, सादरीकरण आणि बर्फावरचं कौशल्य यांचे गुण वेगळे.

स्केटर कोच बदलतो तो यातलं नेमकं काहीतरी मिळवायला. कोणाला क्वाड हवी असते, कोणाला असलेल्या उडीची सफाई, तर कोणाला उड्या भरपूर असून सादरीकरण कोरडं पडतंय ही चिंता असते. या तिन्ही गोष्टी शिकायला सारखाच वेळ लागत नाही. घोळ होतो तो इथेच.

पायाची सवय किती जुनी असते?

स्केटच्या ब्लेडची जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. तिचा तळ सपाट नसतो, मधे खोलगट असतो, त्यामुळे तिला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. त्यांना 'एज' म्हणतात. लुट्झ उडी मागे सरकत, बाहेरच्या एजवरून मारायची असते. अडचण अशी की शरीर एका दिशेने वळत येतं आणि उडी घ्यायची असते उलट दिशेला. त्यामुळे कितीतरी जणांचा पाय शेवटच्या क्षणी आतल्या एजवर कलतो. मग ती खरी लुट्झ राहत नाही. निकालपत्रकात उडीपुढे चुकीच्या एजची खूण लागते आणि गुण कापले जातात.

हे बघायला परदेशी जायला नको. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्येही हीच उडी आहे आणि नावही हेच. पुण्यात कुठल्याही रिंकच्या कठड्याला टेकून उडीच्या तयारीतल्या मुलीचं तोंड सोडा, डावा बूट बघा. मागे सरकताना बाहेरची दोन चाकं नीट दाबलेली असतात, चांगली लांब वळणाची रेघ चाललेली असते. उजव्या पायाचा टो-स्टॉप (बुटाच्या टोकाखालचा रबरी ठोकळा) जमिनीला टेकायच्या अर्धा सेकंद आधी घोटा आत पडतो आणि दाब आतल्या चाकांवर जातो. मुलीला विचारलं तर ती शपथेवर सांगेल की मी बाहेरच्याच एजवर होते. ती खोटं बोलत नसते, तिला ते जाणवतच नाही.

ही सवय आठव्या-दहाव्या वर्षी लागते आणि हजारो वेळा घोटली जाते. नवा कोच सांगतो, घोटा धर. सावकाश करताना मुलगी धरते. पण संगीत लागलं, वेग वाढला आणि चार मिनिटांच्या प्रोग्रॅममध्ये दम लागला की जुनी सवय परत येते. मधला काळ तर सगळ्यात वाईट: जुनी उडी मोडलेली आणि नवी अजून बसलेली नाही.

जपानच्या माओ आसादाने हे सगळ्या जगासमोर भोगलं. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल, म्हणजे साडेतीन फेऱ्यांच्या उड्या, मारून रौप्य मिळवलं. आणि तरीही त्याच वर्षी ती नोबुओ सातो यांच्याकडे गेली आणि उड्या पायापासून नव्याने शिकायला बसली. त्या हंगामात घरच्या एनएचके ट्रॉफी स्पर्धेत ती आठवी आली. लोकांनी सातोंना नावं ठेवली, तिलाही ठेवली. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत ती सोळावी होती. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यातलं सर्वोत्तम प्रदर्शन करून सहावं स्थान गाठलं आणि महिन्याभरात जगज्जेतेपद जिंकलं. कोच बदलून तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. पहिल्या हंगामानंतर कोणी निकाल लिहून टाकला असता तर तो साफ चुकला असता.

"पण ज्यांनी शिकवलं त्यांना सोडायचं म्हणजे..."

हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो, आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण पुण्यातल्या गाण्याच्या जाणकाराला विचारून बघा. मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकले. मग मुंबईत मंजी खाँसाहेबांकडे जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली आणि १९३७मध्ये मंजी खाँ गेल्यावर त्यांचेच भाऊ बुर्जी खाँ यांच्याकडे. आज कोणी मन्सूरांना गुरुद्रोही म्हणत नाही. पहिल्या गुरूने गळ्याला लावलेलं वळण दुसऱ्याने पुसून टाकलं नाही, त्यावर इमारत चढवली. स्केटिंगमध्येही चांगला कोच हेच करतो. आलेल्या मुलाच्या पायात काय बसलेलं आहे ते बघतो, त्यातलं जे चालण्यासारखं आहे ते तसंच ठेवतो आणि मोडायचं ते एखादंच निवडतो.

फरक एवढाच की गवय्याला पन्नाशीतही बहर येतो. स्केटरकडे वरच्या पातळीवरची जेमतेम सात-आठ वर्षं असतात. मुलींची तर त्याहून कमी असायची. वयात येताना उंची वाढते, कंबर रुंदावते, हवेतला फिरण्याचा वेग बदलतो आणि काल सहज येणारी उडी आज पडते. नेमक्या याच वयात, पंधरा-सोळाव्या वर्षी, कोच बदलायचे निर्णय होतात. मग जे शरीराने केलं त्याचं खापर कोचवर फुटतं, कधी जुन्या, कधी नव्या. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२२मध्ये वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५वरून १७वर न्यायचं ठरवलं. आता मोठं शरीर घेऊनच उड्या माराव्या लागणार. त्यामुळे लहानपणीच्या घाईच्या तंत्राला पुढे किंमत कमी, आणि नीट पाया घालणाऱ्या पहिल्या कोचला जास्त, असं माझं मत आहे.

शेजारी कोण सराव करतं?

हा मुद्दा बातम्यांत सगळ्यात कमी येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जपानच्या युझुरू हान्यूचं उदाहरण घ्या. ११ मार्च २०११च्या भूकंपाच्या वेळी तो सेंदाई शहरातल्या आपल्या रिंकवर बर्फावरच होता. स्केट पायात तशीच ठेवून तो बाहेर पळाला. रिंकचं नुकसान झालं आणि तो सरावासाठी गावोगाव फिरत राहिला. २०१२मध्ये, सतराव्या वर्षी, तो लहानपणापासूनच्या प्रशिक्षिका नानामी आबे यांना सोडून टोरोंटोला ऑर्सरकडे गेला. तिथे आधीच स्पेनचा हाविएर फर्नांडेझ होता, ज्याची क्वाड देखणी होती. रोज सकाळी अशी उडी दहा फुटांवरून बघायला मिळणं ही शिकवणीच होती. हान्यूने २०१४ आणि २०१८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, फर्नांडेझने २०१५ आणि २०१६ची जागतिक अजिंक्यपदं. तीही हान्यूला मागे टाकून.

मग स्पर्धेत कोच कोणाच्या बाजूने? ऑर्सर कठड्यापाशी जपानचं जाकीट घालून हान्यूला बर्फावर सोडायचे, आणि फर्नांडेझची पाळी आली की ते काढून स्पेनचं चढवायचे. बघायला गंमत वाटते, पण त्यात प्रामाणिकपणा आहे: त्या चार मिनिटांत मी तुझा.

प्रत्येक रिंकवर हे जमत नाही. रशियाचा अलेक्सेई यागुदिन आणि त्याहून लहान येव्गेनी प्लुशेन्को दोघे सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेई मिशिन यांच्याकडे होते. कोचचं लक्ष धाकट्याकडे जास्त आहे, असं यागुदिनला वाटू लागलं. १९९८मध्ये तो तात्याना तारासोवांकडे गेला. उड्या मिशिननी पक्क्या करून दिल्याच होत्या. तारासोवांनी त्यात नाट्य भरलं. २००२च्या ऑलिंपिकला यागुदिन सुवर्ण, प्लुशेन्को रौप्य. या बदलाचं फळ लवकर दिसलं ते यामुळेच की त्याला उडी मोडून पुन्हा बसवायची नव्हती.

सोडून गेलेले परत का येतात?

रशियाची येव्गेनिया मेदवेदेवा २०१६ आणि २०१७ची जगज्जेती. २०१७च्या शेवटी पायाच्या हाडाला दुखापत झाली आणि २०१८च्या ऑलिंपिकमध्ये तुतबेरिद्झेचीच दुसरी विद्यार्थिनी, पंधरा वर्षांची अलिना झागितोवा, तिच्यापुढे १.३१ गुणांनी सुवर्ण घेऊन गेली. त्याच वसंतात मेदवेदेवा टोरोंटोला गेली. रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सातवी आली, तेव्हा तिकडे "बघा, आम्ही सांगितलं होतं" सुरू झालं. तीन महिन्यांनी तिने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. मग कोव्हिड आला, सीमा बंद झाल्या आणि सप्टेंबर २०२०मध्ये ती तुतबेरिद्झेकडे परतली. त्यानंतर ती मोठ्या स्पर्धेत उतरली नाही.

तुतबेरिद्झेचीच आणखी एक विद्यार्थिनी अलेक्सांद्रा त्रुसोवा मे २०२०मध्ये प्लुशेन्कोच्या अकादमीत गेली आणि वर्षभरातच माघारी आली. २०२२च्या ऑलिंपिकमध्ये तिने एकाच प्रोग्रॅममध्ये पाच क्वाड मारल्या आणि रौप्य मिळवलं. तिचं प्लुशेन्कोकडचं वर्ष वाया गेलं असं लिहिणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की त्याच वर्षी, मार्च २०२१मध्ये, ती जागतिक स्पर्धेत कांस्यविजेती होती.

आणि सगळं सोडणं मेडलसाठी नसतं. सोचीत पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या युलिया लिपनित्स्कायानेही पुढच्याच वर्षी कोच बदलला, आणि २०१७मध्ये ॲनोरेक्सियाच्या उपचारांनंतर खेळच सोडला. ॲनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार. कोणाचा दोष किती, हे बाहेरून ठरवू नये. पण मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, रिंकवर जायचं म्हटलं की पोटात गोळा येत असेल, तर सोडायला तेवढं कारण पुरतं. तिथे गुणांचा हिशोब मांडत बसू नये.

ऑलिंपिकच्या तोंडावर बदल?

हे मात्र धोक्याचं. अमेरिकेच्या मिशेल क्वानने २००२च्या ऑलिंपिकआधी चारेक महिने फ्रँक कॅरोल या दीर्घकाळच्या कोचची साथ सोडली आणि थेट कोचशिवायच उतरली. पहिल्या फेरीत ती आघाडीवर होती, शेवटी कांस्य मिळालं. कोच असता तर सुवर्ण आलं असतं, असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण त्या शेवटच्या दहा मिनिटांत कठड्यापाशी ओळखीचं माणूस नसणं ही काही छोटी गोष्ट नाही.

अमेरिकेच्याच ॲलिसा ल्यूनेही २०२१च्या नोव्हेंबरात, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर, कोच बदलले. ऑलिंपिक पार पडलं, जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं आणि सोळाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तेव्हा ती ज्यांना सोडून गेली होती त्याच फिलिप डिग्युलिएल्मो आणि मासिमो स्काली यांच्याकडे गेली, पण या वेळी अटी तिच्या होत्या: संगीत, पोशाख, सरावाचं प्रमाण, सगळ्यात शब्द माझा. २०२५मध्ये बॉस्टनला ती जगज्जेती झाली. इथे कोचचं नाव जुनंच होतं. बदलला तो निर्णय घेणारा.

पुण्यातल्या रिंकवर हेच प्रश्न

आपल्याकडे स्केटिंग बहुतेक चाकांवरच आहे आणि पैसाही ऑलिंपिकचा नाही. तरी "सर बदलू का?" हा प्रश्न आईबाप विचारतातच, बहुधा एखाद्या स्पर्धेत मेडल हुकल्यावर आठवड्याच्या आत. तेव्हा विचारू नका. हंगाम संपू द्या. नव्या सरांना 'मेडल मिळेल का' असं न विचारता 'हिच्या उडीत तुम्ही काय मोडणार आणि त्याला किती महिने लागतील' असं विचारा. जे सर "काहीच मोडावं लागणार नाही, तीन महिन्यांत डबल ॲक्सल" म्हणतात, त्यांच्याकडून मी तरी उठून येईन. रिंक घरापासून किती लांब आहे हेही बघा. कोथरूडहून रोज पहाटे हडपसर गाठायचं असेल तर मुलीची झोप जाते, आणि दमलेल्या पायाचा घोटा आधी आत पडतो.

जुन्या सरांशी कसं बोलायचं, यासाठी अमेरिकेतल्या कोचांच्या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेतून एक गोष्ट उसनी घेता येईल. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला गळ घालायची नाही, आणि नवा विद्यार्थी आला की त्याचं आधीच्या कोचशी नातं काय आणि कुठपर्यंत होतं हे नव्या कोचने आधी विचारून घ्यायचं. म्हणजे बोलायची जबाबदारी फक्त पालकांवर नाही, नव्या सरांवरही आहे. नव्या रिंकवर चाचणीला गेलात आणि सरांनी "आधी कोणाकडे होतात, त्यांना सांगितलंय का?" असा प्रश्न केला तर अपमान वाटून घेऊ नका. जुन्या सरांची फी बाकी असेल तर ती भागवा, प्रोग्रॅमचं संगीत त्यांनी कापून दिलेलं असेल तर ते वापरू का हे विचारा, आणि ही गोष्ट त्यांना व्हॉट्सॲपवर न कळवता समोर जाऊन सांगा.